अंडं कच्चंच राहिलं

हेब्बाळे सरांच्या शोकसभेत दोन शब्द बोला, असा शाळेतून निरोप आला तेव्हा माझा घसा बसलाय असं मी सांगितलं. घसा ठणठणीत होता. निरोप घेऊन आलेला माणूस जिना उतरायच्या आत मी बायकोला खणखणीत आवाजात चहा सांगितला. तीस वर्षं मराठी शिकवलं आणि जोडीला निरोपसमारंभ, शोकसभा, पारितोषिक वितरण यांत भाषणं ठोकली. माणूस कोणीही असो, त्याच्यावर दहा मिनिटं बोलायला मला तयारी लागत नाही. हेब्बाळे सरांवर मात्र तोंड उघडायचा मला अधिकार राहिलेला नाही, आणि तो का राहिला नाही हे त्या सभेला जमलेल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून इथं लिहून काढतो. विशेषणं कमी वापरायची असं ठरवलंय, कारण घोळ सगळा तिथूनच झाला.

आमची शाळा कोल्हापुरात, कळंब्याच्या रस्त्याला. मी तिथं लागलो तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि हेब्बाळे सर विज्ञान शिकवून जुने झाले होते. मूळचे गडहिंग्लजकडचे, लिंगायत. घरात कन्नड, बाजारात मराठी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा फुल शर्ट आणि उजव्या कानावर पेन्सिल. पेन खिशाला असे, पण तो मस्टरवर सही करण्यापुरता. बाकी सगळं लिखाण पेन्सिलीनं. "लिवल्यालं खोडता आलं पायजे री," असं म्हणायचे. आवाज असा, की ते आठवीत हवेचा दाब शिकवत असले की शेजारच्या वर्गात माझी कविता बंद पडे.

पोरांनी त्यांना नाव ठेवलं होतं 'गोत्तिल्ल सर'. गोत्तिल्ल म्हणजे कन्नडमध्ये 'माहीत नाही'. एखाद्या पोरानं पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला की सर क्षणभर छताकडं बघत आणि म्हणत, "गोत्तिल्ल री. मला माहीत न्हाय. बघू या." आणि खरोखरच बघत. चार दिवसांनी त्याच पोराला व्हरांड्यात गाठून उत्तर सांगत, किंवा अजूनही कळलं नाही असं सांगत. आम्हा मास्तर लोकांत 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे भर वर्गात धोतर सुटण्यासारखं. एका पोरानं मला एका अभंगातल्या शब्दाचा अर्थ विचारला होता, तो मी तिथल्या तिथं तयार करून दिला होता. तो चूक निघाला हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर दोन बॅचेसनी तो परीक्षेत लिहिला आणि मी त्याला गुणही दिले.

त्यांच्या प्रयोगशाळेत एकच नियम होता: आलं ते लिहायचं. पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग असला की निम्मी पोरं जर्नलमध्ये शंभर अंश लिहून मोकळी होत, कारण पुस्तकात तसं आहे. सर त्यांना शून्य देत. अठ्ठ्याण्णव लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी. एकदा चहाच्या आधणात थर्मामीटर धरून सत्त्याण्णव लिहिलेल्या एका पोरालाही त्यांनी पूर्ण गुण दिले, कारण त्यानं 'थर्मामीटर जुना आहे' असं खाली प्रामाणिकपणे नोंदवलं होतं.

असंच शून्य मिळालेल्या एका पोराची आई भांडायला आली. पोवार वहिनी म्हणून, मंडईत भाजी विकायच्या. शाळेच्या फाटकापासूनच आवाज सुरू. "पुस्तकात शंभर, पोरानं लिवलं शंभर, आन् ह्यो मास्तर शून्य देतोय म्हंजे काय?" सरांनी काही वाद घातला नाही. वहिनींना प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं, स्पिरिटचा दिवा पेटवला, चंचुपात्रात पाणी ठेवलं आणि थर्मामीटर हातात दिला. पाणी खळाखळा उकळायला लागल्यावर म्हणाले, "वाचा." वहिनींना अक्षर जेमतेम येत होतं, पण आकडा चोख. त्यांनी डोळे बारीक करून वाचलं, "अठ्ठ्याण्णव."

"आपलं कोल्हापूर समुद्रापास्नं उंचावर हाय. हितं पाणी आदी उकळतंय. शंभर समुद्राकाठी."

वहिनी थोडा वेळ पाण्याकडं बघत बसल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या टाळक्यात एक चापट दिली. "बगून लिवाय काय होतंय रं तुला?" तेव्हापासून त्या मंडईत कुणालाही सांगत, की हेब्बाळे सर बघितल्याशिवाय बोलत न्हाईत.

गणपती दूध पितो म्हणून सगळा देश रांगा लावून उभा होता, त्या दिवशीची गोष्टही अशीच. शाळेत वर्गच भरेनात. हेडसर स्वतः वाटीत दूध घेऊन देवळाकडं निघालेले. हेब्बाळे सरांनी स्टाफरूममधला पितळेचा गणपती उचलला, प्रयोगशाळेत नेला, दुधात कुंकू कालवलं आणि चमचा सोंडेला लावला. चमच्यातलं दूध कमी झालं. सगळ्यांनी हात जोडले. सरांनी गणपतीच्या पोटावरून आणि पायाखालून पांढरं फडकं फिरवलं आणि लाल झालेलं फडकं आम्हाला दाखवलं. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे हे सगळं थोतांडच म्हणा की." सर म्हणाले, "तसं न्हाय म्हटलो मी. ह्यो गणपती पीत न्हाय. बाकीच्या गणपतींचं गोत्तिल्ल." श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघेही त्यांच्यावर चिडले. मी हसलो, आणि ती गोष्ट पुढं कितीतरी भाषणांत वापरली.

आमची मैत्री होती असं मी म्हणेन. ते म्हणाले असते का, ते सांगता येत नाही. मधल्या सुट्टीत आम्ही समोरासमोर बसत असू. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी निम्मी माझ्या पोटात जाई. बुधवारी माझ्या डब्यात मटण असलं की ते काही न बोलता आपला डबा बाकाच्या टोकाला नेत आणि तिथून पुढं गप्पा तशाच चालू. माझं लिखाण ते आवर्जून वाचत. शाळेच्या वार्षिकात माझा लेख आला की म्हणत, "साळोखे सर, तुमचं मराठी लई ग्वाड. पर ग्वाडाला मुंग्या लई लागत्यात." मी ते कौतुक समजून सांभाळून ठेवलं होतं.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली तोवर कोल्हापुरात मोबाइल ज्याच्या-त्याच्या हातात आला. मीही घेतला. शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि तो वाजावा म्हणून वाट बघायची, असे ते दिवस. सरांनी घेतला नाही, पण विरोधही केला नाही. मी फोनवर बोलत असलो की ते माझ्या कानाकडं निरखून बघत. एकदा बोलणं संपल्यावर त्यांनी मला कान गरम झालाय का म्हणून विचारलं आणि थर्मामीटर आणायला उठले. मी कसाबसा निसटलो.

त्याच सुमारास एक बातमी कर्णोपकर्णी फिरत होती. दोन मोबाइल एकमेकांना लावून चालू ठेवायचे, मध्ये अंडं ठेवायचं, तासाभरात अंडं उकडतं. मग कानाला लावल्यावर मेंदूचं काय होत असेल? पेपरातही कुठं-कुठं मेंदूच्या गाठीबद्दल छापून येत होतं. स्टाफरूममध्ये दोन तट पडले आणि सगळे हेब्बाळे सरांकडं वळले. सर म्हणाले, "गोत्तिल्ल री. बघू या."

शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोग ठरला. शिपाईमामांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडं आणलं. एक मोबाइल हेडसरांचा, एक माझा. सर अंड्याला हात लावणारे नव्हते. त्यांनी परीक्षानळीच्या चिमट्यात ते अलगद धरलं आणि चिनी मातीच्या वाटीत ठेवलं. दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळ्यांवर मोबाइल टेकवले. माझ्यावरून हेडसरांना फोन लावला, तो उचलला आणि तसाच चालू ठेवला. आम्ही सारे भोवती दाटीवाटीनं उभे. सर दर दहा मिनिटांनी थर्मामीटर अंड्याला टेकवून पेन्सिलीनं आकडा लिहीत. तासाभरात पारा अर्धा अंश चढला. सरांनी खोलीचंही तापमान घेतलं, तेही अर्धा अंश चढलेलं. त्यांनी लिहिलं, 'खोलीत माणसे फार. वाढ कशामुळे, सांगता येत नाही.'

अंडं फोडायचं काम माझ्याकडं आलं. मी ते वाटीच्या काठावर आपटलं आणि पांढरं-पिवळं सगळं माझ्या बोटांवरून ओघळलं. सगळे हसले. हेडसर म्हणाले, "झालं, मिटला विषय. सिद्ध झालं."

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "सिद्ध झालं, पर येवढंच, की तासाभरात अंडं उकडत न्हाय. अंड्याचं डोस्कं दुखलं का, त्याला झोप लागंना झाली का, हे कुणी इचारलंय त्येला? दहा वर्षं रोज कानाला लावल्यावर मानसाच्या मेंदूचं काय हुतंय, ते मला गोत्तिल्ल." मग मला हात धुवायला साबण दिला.

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढं मी वेगळं सांगितलं.

त्यानंतर महिन्याभरात एका मोबाइल कंपनीची माणसं शाळेत आली. शाळेच्या गच्चीवर टॉवर उभारायचा, त्याचं दरमहा भाडं संस्थेला मिळणार. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब म्हणून होते. माणूस वाईट नव्हता. आमच्या शाळेत चारशे मुलींना तीनच स्वच्छतागृहं होती, त्यातल्या एकाला दार नव्हतं. भाड्यातून नवीन बांधायची असं त्यांच्या मनात होतं, आणि पुढं त्यांनी ती बांधलीही. पण गावात कुणकुण लागली. मुलांच्या डोक्यावर टॉवर आला तर मेंदूला काही होईल, म्हणून पालक हेडसरांकडं यायला लागले. आबासाहेबांनी पालकसभा बोलवायची ठरवलं आणि त्याआधी सगळ्यांच्या घरी एक पत्र जावं असं सांगितलं. पत्र अर्थातच विज्ञानाच्या ज्येष्ठ शिक्षकांनी लिहायचं.

सरांनी पेन्सिलीनं चार ओळी लिहून दिल्या. त्या मला अजून पाठ आहेत. 'मोबाइलच्या लहरींचा मेंदूवर परिणाम होतो की नाही हे मला माहीत नाही. जाणकारांचे अजून एकमत झालेले दिसत नाही. शाळेला पैशाची गरज आहे हे खरे. पालकांना या तिन्ही गोष्टी सांगून मग विचारावे.' ते देऊन सर भाचीच्या लग्नासाठी चार दिवस गडहिंग्लजला गेले.

आबासाहेबांनी तो कागद वाचला, उलटा करून मागं काही आहे का बघितलं आणि माझ्याकडं सरकवला. "हे काय पत्र हाय? अशानं येक पालक हो म्हनायचा न्हाय. साळोखे सर, जरा मराठी करा ह्याचं."

मी म्हणालो, "मजकूर सरांचा आहे."

"त्यांचाच ऱ्हाऊ दे की. तुमी नुसती भाषा बगा. तुमच्यासारखं लिवनारं हाय कोन आपल्याकडं?"

पर्यवेक्षकाची जागा तेव्हा रिकामी होती, हेही सांगितलं पाहिजे. पण खरं सांगायचं तर मी त्या जागेसाठी लिहिलं नाही. तुमच्यासारखं कोण लिहिणार, या एका वाक्यावर मी लिहिलं. जागेच्या मोहानं घसरलो असतो तर निदान काहीतरी मिळवायला घसरलो असं म्हणता आलं असतं.

दीड पानी पत्र झालं. त्यात विज्ञानयुग आलं, प्रगतीची पहाट आली, आपल्या लेकींची सोय आली. आणि मधोमध हे वाक्य आलं: 'आमचे ज्येष्ठ विज्ञान शिक्षक श्री. हेब्बाळे यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत सर्वांसमक्ष प्रत्यक्ष प्रयोग करून या लहरी निर्धोक असल्याचे सिद्ध केले आहे.' लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं. वाक्य चांगलं झालंय असं मला वाटलं. 'निर्धोक' हा शब्द विशेष आवडला. त्या एका शब्दापायी मी एका माणसाचं आयुष्यभराचं बोलणं खोटं पाडतोय, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं होतं. हेडसरांची सही होऊन पत्र घरोघर गेलं.

सभा शनिवारी दुपारी होती. हॉल भरलेला. हेब्बाळे सर गडहिंग्लजच्या गाडीनं उतरून पिशवीसकट थेट सभेला आले आणि मागच्या बाकावर बसले. मी व्यासपीठावर होतो. हेडसरांनी पत्र मोठ्यानं वाचलं. ते वाक्य आलं तेव्हा सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा ठेवली.

कुणी शंका विचारायच्या आत पोवार वहिनी उठल्या. "मी काय शिकल्याली न्हाय. पर मी ह्या सरांशी भांडाय आलतो, तवा त्यांनी माज्यासमोर पानी उकळून दावलं. त्यांनी सोता बगून सांगितलंय, तर मला दुसरं काय इचारायचं न्हाय. बांधा टॉवर." हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. लोक एकमेकांना सांगायला लागले, की हेब्बाळे सरांचं नाव आहे म्हणजे चिंता नाही.

मागून सर उभे राहिले. "थांबा री. हे मी म्हटल्यालं न्हाय."

लोक मागं वळले. सर म्हणाले, "अंडं कच्चं राहिलं, येवढंच मी बघितलं. मेंदूचं मला माहीत न्हाय. पत्रात लिवलंय तसं मी कवाच बोललो न्हाय."

आबासाहेब जागचे हलले नाहीत. शांतपणे विचारलं, "सर, प्रयोग केलता का न्हाय?"

"केलता."

"अंडं उकडलं?"

"न्हाय."

"मग पत्रात खोटं काय हाय?"

सर गोंधळले. भांडणातला डाव त्यांना कधी आला नाही. त्यांनी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "साळोखे सरांना इचारा की. त्यांनीच अंडं फोडलं. मी काय म्हटलो ते त्यांनी ऐकलंय."

पत्र मी लिहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं. आबासाहेबांना होतं. ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "सांगा सर. अंडं फोडल्यावर हेब्बाळे सर काय म्हनाले?"

मी उभा राहिलो. समोर तीनेकशे माणसं आणि सगळ्यांच्या मागं, हातात पिशवी घेऊन, विश्वासानं माझ्याकडं बघत उभे असलेले सर. खरं बोलायला एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते तयारच होतं, त्यांच्याच तोंडचं. मी त्याचे पहिले दोन शब्द उचलले.

"सर म्हणाले, सिद्ध झालं."

एवढं बोलून मी खाली बसलो. त्यातला एक शब्दही माझ्या पदरचा नव्हता.

पोवार वहिनी सरांकडं वळल्या. चिडलेल्या नव्हत्या. दुखावलेल्या होत्या. "सर, तुमी तरी असं शब्द फिरवू नगा वो. आमी कुनावर इस्वास ठेवायचा मग?" सर खाली बसले. टॉवरला हात वर करून मंजुरी मिळाली. सरांचा हात वर नव्हता. तो कुणी मोजलाही नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये जायचं टाळणार होतो, पण भूक फार निर्लज्ज असते. सर नेहमीच्या जागी बसले होते. डबा उघडून चटणीची वाटी त्यांनी मध्ये सरकवली. भाकरी मोडता-मोडता म्हणाले, "साळोखे सर, त्या दिवशी मी पुढं आनी काय-काय बोललो हुतो. तुमाला आठवलं न्हाय व्हय?"

त्यांच्या विचारण्यात आरोप नव्हता. प्रयोगात आकडा जुळला नाही की कुठं चुकलं ते शोधताना विचारतात, तसं विचारलं. मी म्हणालो, "नाही सर. गडबडीत विसरलो."

"आसू दे. इसरतंय मानूस," सर म्हणाले, आणि जेवायला लागले.

त्यांनी ते खरं मानलं. माझ्या मनातलं त्यांनी बघितलेलं नव्हतं, आणि जे बघितलं नाही ते सर कधी बोलत नसत, बहुतेक मनात धरतही नसत. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मी तेव्हाही चटणी खाल्ली.

पुढच्या जूनमध्ये सरांची बदली संस्थेच्या गगनबावड्याच्या शाखेत झाली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. तिथं पावसाळ्यात चार-चार महिने ऊन दिसत नाही आणि शाळेला प्रयोगशाळाही नव्हती. तोवर मी पर्यवेक्षक झालो होतो, म्हणून बदलीचा कागद त्यांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडं आलं. त्यांनी वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चंचुपात्रं मोजून नव्या शिक्षकाच्या ताब्यात दिली. निरोपसमारंभात मी बोललो. बारा मिनिटं. गणपतीची गोष्ट सांगितली, लोक हसले. सर उत्तरादाखल उभे राहिले आणि म्हणाले, "साळोखे सरांनी माजं लई कौतुक केलं. त्यातलं किती खरं, ते तुमी तुमचं बघून घ्या." सगळे पुन्हा हसले. त्यांनी ते विनोदानं म्हटलं होतं का, मी ठरवू शकलेलो नाही.

त्यांच्या मागं उत्कलनबिंदूच्या प्रयोगात शंभर लिहिणाऱ्या पोरांना पूर्ण गुण मिळायला लागले. माझ्या सहीनं.

टॉवरमुळं कुणाला काही झालं का, असं लोक विचारतात. एका बाईंचं डोकं दुखायचं, ते चष्म्याचा नंबर बदलल्यावर थांबलं. पाचवीतल्या एका पोराला फिट यायची, पण ती टॉवर यायच्या आधीपासून. मुलींची स्वच्छतागृहं झाली, त्यांना दारं आहेत. टॉवरनं काही बिघडवलं का नाही, हे मला खरोखर माहीत नाही. माझ्यामुळं काय बिघडलं ते माहीत आहे. पोवार वहिनींनी धाकट्या पोरीला दुसऱ्या शाळेत घातलं. मंडईत मी त्यांच्याकडून भाजी घ्यायचं बंद केलं, कारण एकदा भाजी तोलता-तोलता त्या सहज म्हणाल्या होत्या, "त्या हेब्बाळे सरांनी बी शेवटी पलटी मारलीच की वो."

मी सरांना पत्र लिहायला तीनदा बसलो. दरवेळी पहिलंच वाक्य इतकं चांगलं जमायचं, की माझा मलाच संशय यायचा आणि मी कागद फाडायचो.

निवृत्तीनंतर सर नेसरीच्या वाटेवरच्या आपल्या गावी राहायला गेले. पुढं एकदा परीक्षेच्या कामासाठी मी गडहिंग्लजला गेलो होतो. काम आटोपून दुपारी कोल्हापूरच्या गाडीसाठी एसटी स्टँडवर उभा होतो. समोरच्या फलाटावर सर दिसले. वाळले होते. भस्माचे पट्टे तसेच, हातात छत्री आणि बाजाराची पिशवी. त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा फुलला. पिशवी सावरत, मधली मोकळी जागा ओलांडत ते झपाझप माझ्याकडं यायला लागले.

मी खिशातून मोबाइल काढला आणि कानाला लावला.

"हां, बोला. हो, हो. पेपर पोचलेत," मी म्हणालो. फोनवर कोणी नव्हतं. सर चार पावलांवर थांबले. कुणाचं तरी बोलणं चाललंय, मध्ये पडू नये, म्हणून छत्री टेकून उभे राहिले. मी जरासा वळलो. बैठक व्यवस्थेबद्दल बोललो, पर्यवेक्षकांच्या नेमणुकांबद्दल बोललो. पाच मिनिटं झाली असतील. तिरप्या नजरेनं बघितलं तर ते तिथंच होते, हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत. फोन खाली घ्यावा, पुढं व्हावं आणि त्या सभेतलं उरलेलं वाक्य त्यांना म्हणून दाखवावं, एवढंच करायचं होतं. माझा हात कानापासून हलला नाही.

नेसरीची गाडी लागली. कंडक्टर घाई करायला लागला. सरांनी गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. निघालो, अशी मान हलवली आणि दोन पावलं जाऊन पुन्हा वळले. त्यांनी आपला हात फोन धरल्यासारखा स्वतःच्या कानाला लावला, आणि मग दोन बोटं अंतर सोडून बाजूला नेला. भुवया उंचावून माझ्याकडं बघितलं. एवढा वेळ बोलताय, जरा लांब धरा.

मी फोन कानापासून दोन बोटं लांब धरला. सरांना बरं वाटलेलं दिसलं. ते गाडीत चढले आणि खिडकीशी बसले. गाडी स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत ते माझ्याकडं बघत होते आणि मी तो फोन तसाच लांब धरून, पलीकडं कुणीही नसताना, "हो सर, हो सर" म्हणत राहिलो.